मागच्या सीटचे गुण

“मॅडम, मागे कोण बसणार आहे?”

मी निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून स्टीलच्या टेपने गुडघ्यांपुढची जागा मोजत होते. जयवंत पुढे चालकाच्या जागेवर होता. मोजमाप खरं यावं म्हणून त्याने सीट आपल्या उंचीला लागते तितकी मागे घेतली होती. प्रश्न विचारणारी मुलगी दार उघडं धरून उभी होती. प्रगती खैरनार तिचं नाव. शोरूममध्ये लागून आपल्याला तीनच महिने झालेत, काही चुकलं तर सांभाळून घ्या, हे तिने आम्ही आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

प्रश्न साधा होता. घरात माणसं किती, रोजचं अंतर किती, गावाला जाणं किती, हे त्यांना विचारावंच लागतं. मी “एकसष्ट सेंटिमीटर” म्हणाले आणि आकडा वहीत लिहिला. जयवंतने वरचा आरसा सरळ केला.

“ठरलं नाही अजून,” तो म्हणाला.

प्रगतीला त्यातलं काही कळलं नसावं. ती मागच्या सीटच्या फटीत बोटं घालून लहान मुलाची सीट अडकवायचे हुक दाखवू लागली. मी त्या दोन हुकांमधलं अंतर मोजलं, मग सीटची खोली, मग दार किती उघडतं तेही.

“वृंदा, गाडी घ्यायचीय, सदरा शिवायचा नाही,” जयवंत पुढून म्हणाला. प्रगती हसली आणि हसल्याबद्दल लगेच ‘सॉरी मॅडम’ म्हणाली.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि सातपूरच्या एका औषध कंपनीत, गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. जयवंत निकुंभ, माझा नवरा, आडगावकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात भूमापन शिकवायचा. सहा वर्षं आमचे मूल होण्यासाठी उपचार चालले होते. दवाखान्याच्या टाकीत, उणे एकशे शहाण्णव अंशांना, आमचं एक भ्रूण शिल्लक होतं. आधीचे तीन प्रयत्न होऊन गेले होते आणि तिन्ही वेळा चौदाव्या दिवशीच्या रक्ततपासणीत आकडा पाचाच्या खाली आला होता, म्हणजे गर्भ राहिला नव्हता. चौथा प्रयत्न करायचा की थांबायचं, हे महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. डॉक्टरांनी दोन्ही बाजू नीट समजावून सांगितल्या आणि निर्णय आमच्यावर सोडला.

त्यावर आम्ही दोघं बोलत नव्हतो. आम्ही गाड्यांवर बोलत होतो.

जुन्या गाडीचा दुसरा गिअर निसटायला लागला होता, म्हणजे नवी घेणं भागच होतं. पण ती कशी हवी हे जयवंतने सांगितलं, आणि मला त्याचं नवल वाटलं. तिसऱ्या वेळेनंतर महिन्याभराने, सकाळी चहा घेताना तो म्हणाला की या वेळी जरा पळणारी गाडी घेऊ. छोटीच, रोज कामावर नेता येईल अशी, पण पळणारी. सहा वर्षांत त्याने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. लग्नाआधी तो धुळ्याहून नाशिकला सव्वादोन तासांत यायचा आणि आईला साडेतीन सांगायचा. नंतर ते सगळं बंद झालं. मी लगेच हो म्हटलं.

तीन गाड्या निवडल्या. आम्ही त्यांना नावांनी ओळखत नसू, शोरूममध्ये चालवायला मिळालेल्या गाड्यांच्या रंगांनी ओळखत असू. लाल, पांढरी आणि निळी. तीन रविवार आम्ही त्या पाळीपाळीने चालवल्या.

लाल गाडीचं इंजिन तिघींत जोरकस. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या पुढे गेला की ती पाठीत ढकलल्यासारखी निघायची. पण त्याच्या आत तिच्यात जीव नसायचा, आणि माझा अकरा किलोमीटरचा रोजचा रस्ता सगळा त्याच्या आतच जायचा. क्लचही कडक होता. सिग्नलला तीनदा थांबल्यावर माझी पोटरी दुखायला लागली. पांढरीला क्लचच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. सीट दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी, दिसायला शर्यतीची, चालवायला सोपी. मला ती आवडली. जयवंतचं म्हणणं असं की तिला काही विचारलं की उत्तर द्यायला ती वेळ लावते. ओव्हरटेक करताना पाय दाबला की ती क्षणभर गप्प बसायची आणि मग एकदम धावायची.

निळी दोन्हींच्या मधली. इंजिन लालइतकं नव्हतं, पण कुठल्याही वेगाला ओढ सारखी होती. स्टीअरिंग शहरात हलकं, वेग वाढेल तसं जड. चालकाची बैठक खाली, जमिनीजवळ. मागची जागा तिघींत सर्वांत कमी.

त्र्यंबक रस्त्याला, गाव संपून वळणं सुरू होतात तिथे जयवंतने ती चालवली. मी शेजारी बसले होते आणि प्रगती मागे, गुडघे एका बाजूला करून. चौथ्या की पाचव्या वळणावर, ब्रेक न लावता, नुसता गिअर खाली घेऊन त्याने गाडी आत घातली आणि बाहेर काढली. आणि तो हसला. आम्हाला ऐकवण्यासाठी नव्हतं ते. आपल्याला काहीतरी अजून येतं असं कळल्यावर माणूस हसतो तसं.

“ही हाताला कळते,” तो म्हणाला.

मी त्याच्या हातांकडे बघत होते. घरात तेच हात इंजेक्शनची सुई भरायचे. मला तेव्हा दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक म्हणजे ही गाडी त्याला मिळायलाच हवी. आणि दुसरी, ही दोघांपुरतीच गाडी आहे.

आमच्या घरात मोठ्या निर्णयांची एक पद्धत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही एक सोफा घेतला. मला वाटलं त्याला आवडला, त्याला वाटलं मला आवडला. दोघांनीही एकमेकांसाठी हो म्हटलं आणि दोघांनाही न आवडणारा तो मरून रंगाचा सोफा पुढे आठ वर्षं वापरला. त्यावरून मी प्रयोगशाळेतली रीत घरी आणली. आमच्याकडे महत्त्वाचा नमुना दोन जण वेगवेगळे तपासतात. एकाने दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही, दोघांचे लिहून झाल्यावरच कागद शेजारी ठेवायचे. घरी आम्ही तसंच करायचो. शंभर गुण घ्यायचे आणि जितक्या बाबी असतील त्यांत वाटायचे. जी बाब जास्त महत्त्वाची तिला जास्त गुण. मग त्या बाबीत कुठली वस्तू कितपत चांगली ते लिहायचं, गुणाकार, बेरीज, आणि दोघांची सरासरी. मी स्वयंपाकघरात बसायचे, तो बाहेरच्या खोलीत.

आणि एक नियम. कागद उघडल्यावर कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की माणूस आकडा बदलायला लागतो, हे मी कामावर शंभरदा बघितलं होतं. जयवंतला तो नियम फार पसंत होता. नव्या ओळखीच्या लोकांना तो सांगायचा की आमच्याकडे भांडण होत नाही, बेरीज होते.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी आम्ही गाडीचे कागद केले. आठ बाबी होत्या. इंजिन, स्टीअरिंग, क्लच आणि गिअर, शहरातलं मायलेज, खराब रस्त्यावरची बैठक, सामानाची जागा, मागची सीट, देखभाल. मी मागच्या सीटला पंचवीस गुण दिले. लिहिताना पेन थांबलं नाही. मग इंजिनला दहा, क्लचला वीस, असे उरलेले वाटले.

जेवणाच्या टेबलावर आम्ही कागद बदलले. त्याचं अक्षर नकाशावर नावं लिहिणाऱ्यासारखं, सरळ आणि सुटं. इंजिन वीस. स्टीअरिंग पंचवीस. मी खाली खाली वाचत गेले.

मागची सीट, शून्य.

मी तो आकडा परत वाचला. खोडलेला नव्हता, घाईतला नव्हता. समोर जयवंत माझा कागद वाचत होता. त्याची नजर एका जागी थांबलेली दिसली. मग त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. एरवी तो कागद फायलीत ठेवायचा. मी बेरीज केली. निळी तीन गुणांनी पुढे आली.

“मग निळी,” तो म्हणाला.

“निळी,” मी म्हणाले.

त्या रात्री मी स्वतःला समजावलं की हेच खरं उत्तर आहे. तोंडाने त्याने ते कधी सांगितलं नसतं. त्याला थांबायचं होतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तो ते बोलत नव्हता. कागदावर मात्र माणूस खोटं लिहीत नाही. आमच्या प्रयोगशाळेत तपासणाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवतात.

सोमवारी त्याने गाडी नोंदवली. निळा रंग गोदामात होता, पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी ताब्यात मिळणार होती. मंगळवारी दवाखान्यातून गांगुर्डे सिस्टरचा फोन आला. आमची फाइल सहा वर्षं त्याच सांभाळत होत्या. त्यांनी काय ठरलं ते विचारलं, आणि मी एक दिवस मागून घेतला. बुधवारी जाऊन फॉर्म घेऊन आले. त्यावर तीन पर्याय होते. वापरणे, आणखी एक वर्ष ठेवणे, नष्ट करण्यास संमती. दोघांच्या सह्या लागत होत्या.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर, मी तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि सही केली. रात्री जयवंत पेपर तपासत बसला होता. फॉर्म मी त्याच्या कोपराजवळ ठेवला. त्याने लाल पेन बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि दोन्ही पानं वाचली. मागची बारीक अक्षरंही वाचली.

“नक्की?” त्याने विचारलं.

“हो.”

तो परत पहिल्या पानावर गेला. मी ताटं उचलली. परत आले तेव्हा सही झालेली होती आणि तो पुढचा पेपर तपासत होता. किती सहज केली, असं माझ्या मनात आलं. शून्य बरोबरच होतं.

शुक्रवारी फॉर्म दिला तेव्हा गांगुर्डे सिस्टरनी तो लगेच आत पाठवला नाही. आठवडाभर मी फाइल माझ्याकडे ठेवते, त्या म्हणाल्या, कधीकधी मन बदलतं मॅडम, तसं झालं तर नुसता फोन करा. मी मान हलवली. तो आठवडा मी रोज कामावर गेले. नमुने तपासले, आकडे लिहिले. फोन केला नाही. पुढच्या शुक्रवारी दुपारी मेसेज आला की आपल्या संमतीनुसार प्रक्रिया पूर्ण झाली आहे. मी हातातले मोजे काढले, ‘ओके’ लिहून पाठवलं आणि नवे मोजे घातले.

जयवंतला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी घरी येणार होती. मी घरी पोचले तेव्हा तो आठवड्यात पहिल्यांदा शीळ वाजवत होता. रविवारी सांगू, असं मी ठरवलं.

शनिवारी सकाळी शोरूममध्ये निळ्या गाडीवर लाल कापड घातलेलं होतं. ते आम्ही दोघांनी दोन टोकांनी ओढायचं, आणि तसे फोटो काढायचे. मग हार, कुंकवाचं बोट, नारळ, चाकांखाली लिंबं. प्रगती सगळीकडे पळत होती. तिची ही पहिली विक्री होती, तिने पेढे स्वतःच आणले होते. जयवंतच्या शेजारी बसून तिने त्याचा फोन गाडीला जोडून दिला आणि बजावलं की आता फोन कानाला लावायचा नाही सर, आवाज गाडीतूनच येईल.

मग ती उतरली आणि मागचं दार उघडून म्हणाली, “सर, ती बेबी सीट आणलीय का? आत्ताच बसवून देते. त्या दिवशी डावीकडचा हुक अडकत होता ना, तो मी वर्कशॉपमधून नीट करून घेतलाय.”

जयवंत आरशावरचा हार सोडवत होता. त्याचा हात तिथेच राहिला.

“नको आत्ता,” तो म्हणाला.

प्रगती माझ्याकडे वळली. तिला वाटलं असणार की मला कौतुकाने सांगावं. “मॅडम, गाडी नोंदवायच्या आधीच्या बुधवारी सर एकटेच आले होते. नवीकोरी सीट, खोक्यासकट. दुसऱ्या दोन्ही शोरूममध्ये बसवून बघितली आणि शेवटी आमच्याकडे आले. म्हणाले, तिन्ही गाड्यांत बसते, आता कुठलीही घेतली तरी चालेल.”

मी तिला काय म्हणाले ते आठवत नाही. बहुधा आभार मानले. आम्ही बसलो, लिंबं चिरडली आणि गाडी बाहेर पडली. हायवेच्या पुलाखालून वळून जयवंतने ती सर्व्हिस रोडला घेतली आणि एका टायरच्या दुकानापुढे थांबवली. इंजिन बंद केलं. दोघंही समोर बघत होतो.

“कधी घेतलीस?” मी विचारलं.

“जुलैत.”

“कुठे आहे?”

“कॉलेजात. सर्व्हेच्या सामानाच्या कपाटात.” मग थोडं थांबून म्हणाला, “आई म्हणायची, बाळ यायच्या आधी बाळाची वस्तू घरात आणू नये. मी असलं काही मानत नाही. पण तीनदा तसं झाल्यावर म्हटलं, कशाला.”

“तू शून्य लिहिलं होतंस.”

“तिन्हीत बसत होती ती. मग तिथे गुण कशाला घालवायचे?” तो माझ्याकडे वळला. “तुला कळलं नाही?”

एक गोष्ट मी इथवर सांगितलेली नाही. त्याच्या आठ वर्षं आधी फ्लॅट घेताना आमच्यापुढे एकाच सोसायटीतले दोन फ्लॅट होते. तेव्हाही आम्ही कागद केले आणि जयवंतने पाण्याला शून्य गुण दिले. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागणाऱ्या भागात, पाण्याला शून्य. त्या एका वेळी मी नियम मोडला आणि कारण विचारलं. तो हसून म्हणाला, दोन्ही फ्लॅटना पाणी एकाच टाकीतून येतं ना? जे दोन्हीकडे सारखं आहे त्याला गुण देऊन निवड कशी होईल? त्याचं बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की मी ते कामावर दोघांना सांगितलं.

म्हणजे मला त्याची पद्धत माहीत होती. मागची सीट, शून्य, हे वाचलं तेव्हा तो पाण्याचा कागद माझ्या मनात येऊन गेला होता. पुसट का होईना, आला होता. एक प्रश्न विचारला असता तर पुरलं असतं. मी विचारला नाही, कारण मला ते शून्य हवं होतं. माझे पंचवीस खरे होते. आणि सहा वर्षांच्या सुया, चौदा चौदा दिवसांची वाट, कामावर बाथरूममध्ये उभं राहून ऐकलेले आकडे, यांनी मी इतकी संपले होते की कोणीतरी थांब म्हणावं असं मला वाटत होतं, तेही खरं होतं. मला स्वतःला ते म्हणता येत नव्हतं. त्याच्या अक्षरात ते मिळालं आणि मी घेतलं.

हे मी त्याला त्या गाडीत सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, “मला वाटलं, तुला नकोय.”

“आणि मी तुझे पंचवीस बघितले,” तो म्हणाला. “तो कागद माझ्या पाकिटात आहे अजून. मला किती बरं वाटलं होतं, वृंदा. आणि चारच दिवसांनी तू तो फॉर्म पुढे ठेवलास.”

“मग विचारायचं होतंस.”

“विचारलं की. नक्की का, म्हटलं.” त्याचा आवाज चढला नव्हता. “सगळं तुझ्या अंगावर झालं. मी नुसता गाडी चालवत होतो. त्याच्यापुढे आणखी काय विचारणार मी?”

टायरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन आमच्या नव्या गाडीकडे, हाराकडे बघत होता. जयवंत एकदम सरळ बसला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, आणि ते काय आहे हे मला ताबडतोब कळलं.

“सिस्टर आठवडाभर फाइल ठेवतात,” तो म्हणाला. “मागे कोणाला तरी सांगताना ऐकलं होतं मी. वार कुठला आज, शनिवार. अर्धा दिवस असतात ना त्या?”

माझ्या पर्समध्ये फोन होता आणि फोनमध्ये तो मेसेज. मला बोलायला हवं होतं. पण तो नंबर शोधत होता. सहा वर्षांत तपासणीचा आकडा ऐकायला तो माझ्या शेजारी जसा बसायचा, तसाच बसला होता. मी पर्स उघडली नाही. एवढाच वेळ त्याच्याजवळ ती आशा असणार होती.

फोनची रिंग गाडीतून वाजली. चारही दारांमधून, स्वच्छ, मोठी. तो दचकला.

“बोला सर,” गांगुर्डे सिस्टरचा आवाज आला.

तो नेहमीपेक्षा भरभर बोलला. आमचा थोडा गोंधळ झाला सिस्टर, तो फॉर्म आम्हाला मागे घ्यायचाय, लेखी द्यावं लागत असेल तर आत्ता येतो, दहा मिनिटांत येतो. 

“सर, ते काल झालं ना,” सिस्टर म्हणाल्या. “काल दुपारी. मॅडमना मेसेज केला होता मी. त्यांचं ओके पण आलंय.”

जयवंत पडद्यावरच्या सिस्टरच्या नावाकडे बघत राहिला.

“मॅडमनी सांगितलं नाही का सर?”

“सांगितलं,” तो म्हणाला. “माझ्या लक्षात नव्हतं. थँक यू सिस्टर.”

फोन कसा बंद करायचा ते त्याला सापडेना. त्याने दोन बटणं दाबली, त्याने आवाज आणखी वाढला. दवाखान्यातला पंखा, कोणाच्या तरी चपला, सिस्टर कोणाला तरी ‘तुमचा नंबर आला ताई, आत या’ म्हणत होत्या, ते सगळं आमच्या भोवती ऐकू येत राहिलं. मग पलीकडून कोणीतरी फोन ठेवला.

त्याने माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. तरी मी मान हलवून हो म्हटलं.

मग त्याने पट्टा नीट केला, आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली. पहिला गिअर, दुसरा गिअर. तिसरा त्याने घातलाच नाही. इंदिरानगरकडे वळल्यावर पहिला स्पीडब्रेकर आला, तेव्हा त्याने गाडी जवळजवळ थांबवली. पुढचं चाक चढवलं, उतरवलं, थांबला. मग मागचं, तितक्याच सावकाश.

तिन्ही वेळा गर्भाशयात भ्रूण सोडल्यावर दवाखान्यातून मला घरी आणताना तो अशीच गाडी चालवायचा. डॉक्टर म्हणायच्या की धक्क्यांनी काही फरक पडत नाही, घरी नेहमीसारखं जा. मीही त्याला शास्त्र समजावून सांगायचे. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि स्पीडब्रेकर दिसला की दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून, श्वास रोखून, गाडी अशी न्यायचा की पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं हिंदकळू नये.

मागे गाड्या साचल्या. एकाने हॉर्न वाजवला, मग सगळेच वाजवायला लागले. एक मोटारसायकलवाला शेजारून जाताना हाराकडे बघून ओरडला की नवी आहे म्हणून ढकलत नेताय का काका. जयवंतने मान वळवली नाही. तिथून घरापर्यंत सात स्पीडब्रेकर होते. सातही त्याने तसेच घेतले.